दोन ठोक्यांमधलं अंतर

२ जून

पहिल्या वर्षाच्या पोरांचं इसीजीचं प्रॅक्टिकल. या दिवशी दर वर्षी एक गंमत घडते आणि मी तिची वाटच बघत असते. रोज पहाटे पळायला जाणारा एखादा सडपातळ मुलगा कॉटवर झोपवायचा, दुसरी लीड घ्यायची आणि कागद सोडायचा. चार ठोके जवळजवळ, मग तीन लांबलांब, पुन्हा जवळजवळ. बाकीची पोरं कागदावर पट्टी लावतात आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतंच, "मॅडम, ह्याचं हार्ट इररेग्युलर आहे." आज तर कॉटवरचा बिचारा उठूनच बसला.

त्याला पुन्हा आडवं केलं. श्वास आत घे म्हटलं की ठोके जवळ येत, सोड म्हटलं की लांबत. रोखून धरायला सांगितला तेव्हा ही चढ-उतार बरीचशी मोडली. वर्गात कुजबुज थांबली ती तेव्हाच. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्तदाब पहिल्यांदा मोजला, त्याचं पुस्तक १७३३ सालचं. श्वासाबरोबर नाडी आणि दाब हलतात हे त्याच्याही लक्षात आलं होतं. १८४७ मध्ये कार्ल लुडविगने फिरत्या नळकांड्यावर ते रेखून दाखवलं. म्हणजे पोरांना जे आज बिघाड वाटलं ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी कागदावर आलेलं आहे.

हृदयातली ठोके सुरू करणारी गाठ एकटी सोडली तर मिनिटाला शंभरच्या आसपास चालते. हृदयरोपण झालेल्या माणसात नसा तुटलेल्या असतात, त्याचं हृदय बसल्या जागी त्याच वेगाने आणि जवळजवळ सारख्या अंतराने चालत राहतं. आपलं सत्तरवर येतं ते व्हेगस नसेमुळे. शहाणा गाडीवान कासरा ताणूनच धरत नाही, ढील देतो, ओढतो, पुन्हा ढील देतो, व्हेगसचं तसंच. श्वास आत जाताना ती ढील देते, बाहेर येताना ओढते. तिचं रसायन, ॲसिटिलकोलिन, सेकंदाच्या आत काम करतं आणि तितक्याच झटपट मोडलं जातं. सिम्पथेटिक नसांचा परिणाम यायला काही सेकंद लागतात आणि जायला त्याहून जास्त. म्हणून श्वासाच्या गतीने होणारी जी चढ-उतार, ती व्हेगसची सही. ॲट्रोपिन टोचलं की ती पुसली जाते.

ऑटो लोवीची गोष्टही सांगून टाकली. त्याला प्रयोग स्वप्नात सुचला, रात्रीच चिठ्ठीवर खरडला, सकाळी स्वतःचं अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडल्यावर तो तडक प्रयोगशाळेत गेला. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, त्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि दुसरंही मंदावलं. १९२१ चा हा शोध, १९३६ चं नोबेल. पोरांना यातलं स्वप्न तेवढं लक्षात राहणार. राहू दे.

५ जून

एम.डी.ची विद्यार्थिनी थिसिसचा विषय घेऊन आली: परीक्षेच्या ताणाचा एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या एचआरव्हीवर, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराच्या चढ-उतारीवर, होणारा परिणाम. असले विषय दर वर्षी येतात. पोरं हाताशी असतात, परीक्षा ठरलेली असते आणि खर्च शून्य. म्हटलं, परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं झोपत नाहीत, सकाळी चहावर चहा पितात, जेवत नाहीत, पायऱ्या धावत चढून येतात. आकडा खाली आलेला दिसेल हे नक्की. तो ताणाने आला की जागरणाने, हे कसं वेगळं करणार? ती गप्प झाली. विषय अजून हातचा सोडू नकोस म्हटलं, आधी नोंद कशी घ्यायची ते शीक.

मग दुपारभर तेच. खोलीत गार नको, गरम नको, पंख्याचा वारा थेट अंगावर नको. आधीचे दोन तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवी करून ये म्हणून सांगायचं, कारण भरलेलं मूत्राशय आकडा बिघडवतं. पंधरा मिनिटं निवांत झोपवायचं. मग पाच मिनिटांची नोंद, त्यात बोलणं नाही, मोबाइल नाही. लॅबच्या मामांनी दारावर "आत रेकॉर्डिंग चालू आहे" अशी पाटी लावली आणि तीच पाटी बघून चौकशीला डोकावणारे वाढले.

सॉफ्टवेअर उत्तर देतंच, पण एकदा हाताने गणित करायला लावलं. ठोक्यांमधली अंतरं मिलिसेकंदांत समजा ८१२, ८४५, ८७१, ८३८, ७९९. लागोपाठचे फरक ३३, २६, उणे ३३, उणे ३९. त्यांचे वर्ग करायचे, सरासरी काढायची, वर्गमूळ घ्यायचं. उत्तर ३३. यालाच आरएमएसएसडी म्हणतात आणि घड्याळवाले बहुधा हाच आकडा दाखवतात. आता याच ओळीत मधे एक अवेळी पडलेला ठोका घाल: ८१२, ८४५, ५२०, ११६०, ८३८. उत्तर येतं ३६१. एका चुकार ठोक्याने माणूस एकदम अकरापट "निरोगी" झाला. पाच मिनिटांत साडेतीनशे ठोके असतात, तिथे हा धक्का एवढा मोठा राहत नाही, पण राहतो. यंत्राच्या छापील कागदावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून आधी कच्ची नोंद डोळ्यांनी बघायची, ठोका न् ठोका. तिचं तोंड उतरलं. साहजिक आहे.

१९९६ मध्ये युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मोजणीचे नियम घालून दिले, ते वाचायला दिलेत. त्यातला एक मुद्दा शंभरदा सांगावा लागतो. पाच मिनिटांचा आकडा आणि चोवीस तासांचा आकडा एकमेकांशेजारी ठेवायचा नाही. चोवीस तासांत झोप आहे, जिने आहेत, भांडणं आहेत; फरक मोठा येणारच.

९ जून

सोमवार, मधुमेहाची ओपीडी. मेडिसिनवाल्यांनी एका आबांना आमच्या लॅबमध्ये पाठवलं. कोरेगाव तालुक्यातले, उसाचं रान, शुगर बरीच जुनी. तक्रार एकच.

"उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती बाई. बसल्याव पुन्हा बरं वाटतं."

बोटं वर-खाली करून त्यांच्या श्वासाला ताल दिला: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास. श्वासागणिक सगळ्यांत जास्त गती आणि सगळ्यांत कमी गती यांतला फरक काढायचा, सरासरी घ्यायची. पंधरा किंवा जास्त आला तर उत्तम, दहा किंवा कमी आला तर नसांना इजा आहे असं धरायचं. आबांचा चार आला. वयाबरोबर हा फरक कमी होतोच, त्याची सूट धरली तरी चार म्हणजे चारच. कागदावरचे ठोके पट्टीने आखल्यासारखे. पहिल्या वर्षाच्या पोरांनी बघितले असते तर म्हणाले असते, किती छान रेग्युलर.

ही चाचणी एडिंबऱ्याच्या यूइंग आणि क्लार्क यांची. सत्तरच्या दशकापासून त्यांनी खाटेशेजारी करता येतील अशा पाच चाचण्या बसवल्या: दीर्घ श्वास, पडल्या जागेवरून उठून उभं राहणं, फुंकर मारून दाब धरणं, उभं राहिल्यावरचा रक्तदाब आणि मूठ आवळून धरणं. उभं राहिल्यावर साधारण पंधराव्या ठोक्याला हृदय सगळ्यांत वेगात असतं आणि तिसाव्याला सावरून मंदावतं. त्या दोन अंतरांचं गुणोत्तर काढायचं. १.०४ किंवा जास्त असावं. आबांचं १ आलं, म्हणजे वेग वाढला नाही आणि सावरायचा प्रश्नच आला नाही. यंत्र साधं, खर्च कागदाचा. एचआरव्हीचे जे जे उपयोग ऐकते त्यांत मला हाच अजून सगळ्यांत पक्का वाटतो, कारण इथे प्रश्न नेमका आहे: मधुमेहाने हृदयाकडे जाणारी नस खाल्ली की नाही?

आणि उत्तरावरून करण्यासारखं काही असतं. आबांना सांगितलं, पहाटे अंथरुणातून एकदम उठायचं नाही. आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर हा कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचा. पाय रोज बघायचे. मग मुलाला बाजूला घेऊन जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं: यांना हार्ट अटॅक आला तर छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागला, घाम फुटला, मळमळलं, तरी थांबायचं नाही, घेऊन यायचं.

आबा जाताना म्हणाले, "म्हंजी हृदय चांगलं हाय, पर लगाम गेलाय म्हना की." बैलं आता त्यांच्याकडे नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण समजलं त्यांना बरोबर.

१० जून

लेबर रूममधल्या मैत्रिणीशी चहा. तिच्याकडे दिवसभर एचआरव्हीच चालतं, ती त्याला तसं म्हणत नाही एवढंच. पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची रेघ मिनिटाला पाच ते पंचवीस ठोक्यांनी थरथरत असावी. सपाट झाली की ती चष्मा वर करते. १९६३ मध्ये हॉन आणि ली यांनी दाखवलं की बाळ संकटात असताना ठोक्यांची गती बदलण्याआधी ही थरथर कमी होते. दवाखान्यात एचआरव्ही पहिल्यांदा कामाला आलं ते इथे.

पण बाळ झोपलेलं असलं तरी रेघ पाऊण तास सपाट राहू शकते. मग वाट बघायची, आईला कुशीवर वळवायचं, पुन्हा बघायचं. ती म्हणाली, "नातेवाईक दारात उभे असले की वाट बघायला फार धीर लागतो गं." प्रसूती चालू असताना सतत नोंद घेतल्याने नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, सेरेब्रल पाल्सी मात्र घटली नाही आणि सिझेरियन वाढली, असं एकत्रित अभ्यास सांगतात. हे ती मला सांगत होती की स्वतःला, कळलं नाही.

१४ जून

भाचा पुण्याहून आलाय. सातारा हिल मॅरेथॉनची तयारी, यवतेश्वरच्या घाटात पळून बघायचंय म्हणून. पहाटे पाचला बूट घालून तयार, आणि सव्वापाचला सोफ्यावर पडलेला.

"काय रे?"

"मावशी, आज घड्याळ लाल दाखवतंय. एचआरव्ही एकोणतीस. रेस्ट घ्या म्हणतंय."

"तुला कसं वाटतंय?"

हा प्रश्न त्याला अनपेक्षित होता. विचार करून म्हणाला, तसं बरं वाटतंय. मग रात्री काय केलंस? दहानंतर मित्रांबरोबर जेवण, एक बिअर, बारापर्यंत गप्पा. एकाच पेल्याने त्या रात्रीचा आकडा बऱ्याच जणांचा खाली येतो. घड्याळाने चूक काही सांगितलं नव्हतं. फक्त त्याला बिअरची बातमी मिळाली होती आणि ते ती थकव्याची म्हणून सांगत होतं.

मनगटावरचं यंत्र ठोका बघतच नाही. हिरवा प्रकाश कातडीतून टाकतं आणि रक्ताची लाट आली की परतणारा प्रकाश बदलतो, तो मोजतं. हात हलला, पट्टा सैल झाला, हात गारठले की लाटेचा माथा नेमका कुठे होता हे त्याला ठरवता येत नाही. सरासरी गती काढायला एवढी अचूकता पुरते, पण इथे खेळ काही मिलिसेकंदांचा. म्हणून ही कंपनीवाली मंडळी रात्रीच्या झोपेतले आकडे घेतात, माणूस निदान निजलेला तरी असतो. छातीच्या पट्ट्याचं तसं नाही, तो विजेचा ठोकाच पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने बिनतारी पट्टा बाजारात आणला १९८२ मध्ये, आणि त्याच देशात, औलूला, किव्हिनिएमी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक साधा प्रयोग छापला. धावपटूंच्या एका गटाला ठरलेलं वेळापत्रक, दुसऱ्याला सकाळच्या एचआरव्हीवरून सांगायचं, आज जोराचं पळा किंवा आज हलकं घ्या. चार आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा वेग जास्त वाढला. माणसं थोडी होती, पण कल्पना चांगली आहे आणि त्यानंतर ती बऱ्याच ठिकाणी वापरली गेली.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: रोज एकाच वेळी, उठल्या उठल्या, एकाच स्थितीत मोज. एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नकोस, आठवड्याची सरासरी बघ आणि तीही तुझ्याच आधीच्या आठवड्यांशी लाव. त्याच्या मित्राचा आकडा नव्वद आहे म्हणून हा आठवडाभर खट्टू होता. वय, आईवडिलांकडून आलेला वाटा, श्वासाची लय, सगळं त्यात मिसळलेलं असतं. शिवाय निव्वळ अंकगणिताचीही एक भानगड आहे: हृदय जितकं सावकाश चालतं तितकी अंतरं लांब, आणि लांब अंतरांत चढ-उतार आपोआप मोठी दिसते. नव्वदवाल्याची नाडी अठ्ठेचाळीस आहे म्हणे. मग काय.

शेवटी सातला निघाला, हलकं पळून आला. घड्याळावर "ताण" म्हणून एक वेगळा आलेखही आहे. तो दाखवायला लागला तेव्हा मी पोहे परतायला उठले.

१७ जून

दिवसभर पाऊस, लॅबमध्ये कुणी नाही. विद्यार्थिनीसाठी जुने शोधनिबंध काढत बसले आणि स्वतःच वाचत राहिले. हृदयतज्ज्ञांचं या आकड्यावर जडलेलं आणि उडालेलं प्रेम वाचण्यासारखं आहे.

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात वुल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं की हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या ठोक्यांतली चढ-उतार कमी, ते दवाखान्यात जास्त दगावतात. १९८७ मध्ये क्लायगरचा अभ्यास आला: अटॅकमधून वाचलेले ८०८ रुग्ण, चोवीस तासांची होल्टर नोंद. ज्यांचं प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांच्या खाली, त्यांचा मृत्यूचा धोका १०० च्या वरच्यांपेक्षा ५.३ पट. एवढा ठसठशीत आकडा वैद्यकात क्वचित येतो. सगळे धावले. चढ-उतार वाढवली तर माणसं वाचतील, असं वाटायला लागलं. बीटा ब्लॉकरने आकडाही वाढतो आणि माणसंही वाचतात, तेव्हा तर खात्रीच पटली असणार. कानामागे चिकटवायची स्कोपोलामीनची पट्टी, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून लावतात ती, अटॅकनंतरच्या रुग्णांना लावून बघितली गेली. आकडा वाढला. पण म्हणून ती पट्टी कुठल्या हृदयरोग विभागात औषध म्हणून रुजली नाही.

खरं तर धडा शेजारीच पडला होता. अटॅकनंतर चुकार ठोके पडणाऱ्यांना धोका जास्त, म्हणून ते ठोके दाबणारी औषधं द्यायची, हा कास्ट नावाचा अमेरिकन अभ्यास. एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड. ठोके दाबले गेले. औषधवाल्या गटात ६३ मृत्यू, बिनऔषधाच्या गोळीच्या गटात २६. १९८९ मध्ये तो भाग थांबवावा लागला. धोक्याची खूण आणि धोक्याचं कारण या दोन गोष्टी आहेत, हे इतक्या महागात फार थोड्या वेळा शिकायला मिळालं असेल.

२००४ चा डायनामिट नावाचा अभ्यास तर मला जास्त चटका लावतो, कारण तिथे एचआरव्हीला खरीच जबाबदारी दिली होती. नुकताच अटॅक आलेले, हृदयाची पंपशक्ती ३५ टक्के किंवा कमी, आणि वर एचआरव्ही घटलेलं किंवा नाडी चढलेली, असे ६७४ रुग्ण निवडले. निम्म्यांच्या छातीत शॉक देणारं यंत्र बसवलं. लय बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, दुसऱ्या कारणांनी होणारे वाढले, बेरीज तिथल्या तिथे. कमी झालेला आकडा सांगत होता की हा माणूस आजारी आहे. कशाने जाणार हे तो सांगत नव्हता. त्यानंतर यंत्र कुणाला बसवायचं हे पंपशक्तीवरूनच ठरत राहिलं आणि एचआरव्ही संशोधनाच्या कागदांत वाढलं, केसपेपरवर नाही.

हे सगळं वाचून विद्यार्थिनी खचेल का? खचू दे थोडी.

२१ जून

योगदिन. मैदान ओलं म्हणून सभागृहात सतरंज्या. पाहुणे म्हणाले, प्राणायामाने एचआरव्ही वाढतं हे विज्ञानाने सिद्ध केलंय. टाळ्या. माझ्या शेजारी बसलेल्या सर्जनने कोपर मारून विचारलं, "खरं का?"

खरं आहे, आणि म्हणूनच सांगायला अवघड. रक्तदाब सांभाळणारी आपली यंत्रणा मानेतल्या धमनीवरचा ताण ओळखून हृदयाला निरोप देते, त्याने दाब बदलतो, तो पुन्हा ओळखला जातो. या फेऱ्याला दहाएक सेकंद लागतात. श्वासही दहा सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, की दोन्ही लाटा एकीवर एक येतात आणि चढ-उतार झटकन कितीतरी मोठी होते. लेहरर आणि वाशिलो यांनी बसवलेली एचआरव्ही बायोफीडबॅकची पद्धत याच्यावरच उभी आहे. माणसागणिक तो वेग साडेचार ते साडेसहाच्या मधे सापडतो. इटलीतल्या बर्नार्डींनी २००१ मध्ये २३ जणांना लॅटिनमधली जपमाळ म्हणायला लावली आणि मग 'ओम मणी पद्मे हुम्'. दोन्हींनी श्वास सहाच्या आसपास आला आणि ती यंत्रणा जास्त तत्परतेने काम करू लागली. या निबंधाचा लोक दोन्ही बाजूंनी हवा तसा वापर करतात.

पण हे श्वास चालू असतानाचं. सभागृहातल्या कुणालाही, कालच मधुमेहाचं निदान झालेल्यालासुद्धा, सहाच्या तालावर श्वास घ्यायला लावला तर आकडा तिथल्या तिथे फुगेल. तेवढ्याने कुणी बरं झालेलं नसतं. नियमित सरावाने रक्तदाब थोडा उतरतो, अस्वस्थता कमी होते, याला बरा आधार आहे. मग तेच मोजावं आणि तेच सांगावं.

यातच आणखी एक फसगत दडलेली आहे. चढ-उतारीचं पृथक्करण करून सावकाश लाटा आणि वेगवान लाटा वेगळ्या काढतात आणि त्यांच्या गुणोत्तराला सिम्पथेटिक आणि व्हेगसचा तोल म्हणतात. सहाच्या वेगाने श्वास घेणाऱ्याची सगळी व्हेगसची लाट सावकाश रकान्यात पडते. हिशेबाने तो माणूस ताणाखाली, प्रत्यक्षात तो निवांत डोळे मिटून बसलेला. बिलमनने २०१३ मध्ये या गुणोत्तराची चांगली चिरफाड केली, तरी थिसिसांमधून ते अजून बिनदिक्कत छापलं जातं. आमच्या सिनॉप्सिसमध्ये ते येणार नाही, हे आजच ठरलं.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगाचे दावे यंत्रासमोर आणायचे, हा आग्रह त्यांचा. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद यांनी हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांना इसीजी लावला, निबंध १९६१ चा. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी हाताला लागत नाही, स्टेथोस्कोपात आवाज येत नाही. कागदावर मात्र ठोके चालूच होते. हीच युक्ती सौम्य करून, पंधरा सेकंद फुंकर धरायला लावून, यूइंगने चाचणी केली. सर्जनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू स्टेजवर का नाही बोललीस?" नाश्ता आला होता.

२४ जून

एनआयसीयूत गेले होते, दुसऱ्याच कामाला. दीड किलोच्या आतली बाळं. रक्तात जंतू शिरले की ही बाळं काही तासांत हातची जातात, आणि सुरुवातीला दिसतं ते एवढंच की दूध नीट पचत नाही, रंग जरा उतरलाय. व्हर्जिनिया विद्यापीठात मूरमन आणि ग्रिफिन यांना नोंदींत आढळलं की बाळ आजारी दिसण्याच्या आधी ठोक्यांतली चढ-उतार घटते आणि मधेच गती क्षणभर खाली जाते. त्यावरून त्यांनी एक निर्देशांक बसवला. २०११ मध्ये निकाल आला: अमेरिकेतले नऊ विभाग, ३००३ बाळं, निम्म्यांचा आकडा पडद्यावर दिसणारा, निम्म्यांचा झाकलेला. मृत्यू १०.२ टक्क्यांवरून ८.१ वर.

मला यात आवडतं ते हे की आकडा दिसल्यावर काय करायचं याचा हुकूम कुणाला दिलेला नव्हता. आकडा चढला की डॉक्टर किंवा सिस्टर बाळाजवळ जाऊन बघायचे, बस्स. आमच्याकडे ते यंत्र नाही. सिस्टर मात्र आहेत, आणि त्यांच्यातल्या एकीने "मॅडम, हे बाळ आज बरोबर वाटत नाही" म्हटलं की सगळे उठतात.

२६ जून

नीरेत पादुकांचं स्नान झालं की माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात येते. लोणंदला कॉलेजची गाडी. सकाळपासून पाय दाबणं, फोड, जुलाब, बीपीच्या गोळ्या घरी राहिलेली मंडळी. विद्यार्थिनी पट्टा आणि लॅपटॉप घेऊन आली होती. रांगेतल्या माणसाला पंधरा मिनिटं निवांत झोपवायला जागा कुठाय, म्हणून तो गाडीतच राहिला.

मधुमेही माणसाची बीपी झोपवून घ्यायची, उभं करून तीन मिनिटांत पुन्हा घ्यायची. वरचा आकडा वीसने पडला तर थांबवायचं, पाणी, मीठ-साखर, सोबत कोण आहे त्याला समजावायचं. चालून चालून पाणी आटलेलं असतं, त्यामुळे नस खराब की पाणी कमी हे रस्त्यावर ठरवता येत नाही. ठरवायची गरजही नसते. एक माउली म्हणाल्या, बसा म्हणू नका, दिंडी पुढं जाईल. त्यांना दिंडीच्या ट्रकमध्ये बसवून दिलं, कुरकुरत बसल्या.

३० जून

सिनॉप्सिस आज नाशिकला विद्यापीठाकडे गेला. परीक्षेचा ताण गेला, मधुमेह आला. विषय तिनेच बदलला, लोणंदहून परतताना. ओपीडीतले मधुमेही, सगळ्यांची दीर्घ श्वासाची चाचणी आणि निवांत पाच मिनिटांचं आरएमएसएसडी, सोबत उभं राहिल्यावरची बीपी. नुसतं झोपवून घेतलेला आकडा नस बिघडल्याचं किती वेळा चुकवतो, एवढंच बघायचं. फार मोठं काही सिद्ध होणार नाही. पण ज्या तालुक्यात यंत्र नाही तिथला डॉक्टर इसीजीच्या कागदावर पट्टी लावून ही चाचणी करू शकेल का, याचं उत्तर मिळेल.

एथिक्स कमिटीने संमतीपत्राचं मराठी परत केलं. "स्वायत्त मज्जासंस्थेचे मूल्यमापन" कुणाला कळणार, असं एका सदस्याने लिहिलंय आणि त्यांचं बरोबर आहे. छातीवर काही चिकटवायचं म्हटलं की बायका नको म्हणतात, तेव्हा लीड हातापायांवरच. श्वासाचा ताल बोटांनी द्यायचा नाही, प्रत्येकाची बोटं वेगळी. मोबाइलवरचा ठोका वापरायचा. ठोके अनियमित पडणारे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनवाले, आधीच वगळायचे.

माहितीपत्रकात "तंबाखू खाता का" असा एकच रकाना होता. बायका नाही म्हणून सांगतात आणि मिश्री लावून आलेल्या असतात. मिश्रीचा वेगळा रकाना करायला लावला, आणि शेवटची कधी लावली त्याची वेळही.